एलडीएच ६१२ आलं म्हणजे आईचा कॅन्सर पसरला का?

प्रश्न सिन्नरहून आलाय, थोडक्यात असा: "आईचं वय ५४. डाव्या स्तनात २.३ सेंटिमीटरची गाठ, काखेत हाताला काही लागत नाही. कोअर बायोप्सीत कॅन्सर आला, ग्रेड २, ईआर-पीआर (हार्मोन पकडणारे पेशीवरचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू दोन प्लस. पुढच्या आठवड्यात नाशिकला ऑपरेशन आहे. त्याआधी घरी माणूस बोलावून रक्त दिलं. एलडीएच ६१२ (नॉर्मल २१४ पर्यंत), अल्कलाइन फॉस्फेटेज १४२ (१०५ पर्यंत), एसजीओटी ५२, एसजीपीटी २७, जीजीटी २४, कॅल्शियम ८.९, क्रिएटिनिन ०.७, पोटॅशियम ५.६. एलडीएच जितकं जास्त तितकी स्टेज वरची, असं एका शोधनिबंधात वाचलं. म्हणजे चौथी स्टेज का? ऑपरेशन थांबवून आईला मुंबईला न्यावं का? आणि सीए १५-३ करून घ्यावं का?"

पोटॅशियमचा आकडा तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलात, मी तिथूनच सुरुवात करते. एलडीएच (पेशींच्या आत असणारं एक एन्झाइम) ६१२ आणि पोटॅशियम ५.६ एकाच नमुन्यात दिसले की आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांच्या मनात कॅन्सर पसरला का हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो हा, की रक्त काढलं कसं आणि लॅबपर्यंत आलं कसं.

तांबड्या पेशींच्या आत एलडीएच हे सीरमपेक्षा (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यापेक्षा) शंभरपटीहून जास्त असतं आणि पोटॅशियम वीस-पंचवीस पट. शीर बारीक, सुईही बारीक, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, मग तेच रक्त सुईतून दाबून ट्यूबमध्ये सोडलं, की पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला ऐवज सीरममध्ये उतरतो. यालाच हिमोलिसिस म्हणतात. सेंट्रीफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली की वरचं सीरम फिकट पिवळं दिसायला हवं. पेशी फुटल्या असतील तर ते गुलाबी दिसतं, जास्त फुटल्या असतील तर चक्क लाल. थोडं असेल तर डोळ्यांना कळत नाही, पण नवी मशिनं ते पकडतात आणि हिमोलिसिस इंडेक्स म्हणून वेगळा आकडा देतात. काही लॅब तो रिपोर्टच्या तळाशी शेरा म्हणून छापतात, काही छापत नाहीत. तुमच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'सॅम्पल हिमोलाइज्ड' असं काही आहे का, ते आधी बघा. नसलं तरी लॅबला फोन करून विचारा, मशिनमध्ये नोंद असते.

घरी घेतलेल्या नमुन्याचं आणखी एक दुखणं असतं. सिन्नरला सकाळी रक्त घेतलं, पुढची चार घरं उरकली, मग बॅग दुचाकीवरून नाशिकला आली. तेवढ्या वेळात सीरम वेगळं केलेलं नसेल तर पेशींमधून पोटॅशियम बाहेर गळतच राहतं. बर्फात ठेवून आणलं म्हणजे बरं, असं लोकांना वाटतं. एलडीएचच्या बाबतीत तेही खरं नाही, कारण त्याचे काही प्रकार गारठ्यात निकामी होतात आणि पोटॅशियम तर थंडीत जास्तच गळतं.

आता तुमच्या बाकीच्या आकड्यांशी, म्हणजे आधी लिव्हरच्या तपासणीतल्या एन्झाइमशी, हे जुळतं का बघू. एसजीओटी ५२, थोडं वर. एसजीपीटी २७, जागेवर. जीजीटी २४, जागेवर. एसजीओटी तांबड्या पेशींत भरपूर असतं, एसजीपीटी त्यामानाने कमी. म्हणजे एलडीएच, पोटॅशियम आणि एसजीओटी तिघं मिळून वर, बाकी शांत (अल्कलाइन फॉस्फेटेज सोडून, त्याकडे पुढे येते). पेशी फुटलेल्या नमुन्याचं हे ठरलेलं चित्र आहे. लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर सहसा असा दिसत नाही, तिथे जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज जोडीने चढतात. किडनी ठीक असताना पोटॅशियम ५.६ व्हायला दुसरं कारणही फारसं उरत नाही. मात्र आई बीपीची गोळी घेत असतील तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी पोटॅशियम खरंच चढतं. काहीही असो, ऑपरेशनच्या आधी पोटॅशियम पुन्हा बघावंच लागेल, तेव्हा एलडीएचही त्याच सुईत होऊन जाईल.

आता समजा नमुना चांगला होता आणि एलडीएच खरंच वाढलेलं निघालं. तरी ते काय सांगतं?

लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. पायरुव्हेटचं लॅक्टेट आणि लॅक्टेटचं पायरुव्हेट करणं हे त्याचं काम. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवत सुटतात, हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं. त्यामुळे गाठ मोठी, वेगाने वाढणारी, मधला भाग रक्ताविना मरणारा, तर रक्तात एलडीएच जास्त, हा तर्क मुळात चुकीचा नाही. अडचण पुढे आहे. लिव्हर, हृदय, स्नायू, फुप्फुसं, किडनी, तांबड्या पेशी, सगळ्यांचं एलडीएच एकाच रक्तात येऊन मिसळतं. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळ्या नाशिकला पूर कळतो, पण ते पाणी गंगापूर धरणातून सोडलेलं की शहरातल्या नाल्यांचं, हे मारुतीकडे बघून कुणाला सांगता येत नाही. एलडीएचचं तसंच आहे.

आमच्याकडे श्रावणात एक गंमत दरवर्षी होते. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करून आलेले लोक त्याच आठवड्यात 'फुल बॉडी चेकअप' करायला येतात. रात्रभर अनवाणी वीसेक किलोमीटर चाललेल्या माणसाचं एलडीएच आणि एसजीओटी वर, सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तर विचारूच नका. दिंडोरी-निफाडकडच्या बायका द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत दिवसभर हात वर करून काम करतात, त्यांच्यातही हे दिसतं. कुणालाही कॅन्सर नसतो. बी-१२ खूप कमी असलं तर एलडीएच हजारांत जाऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता ही रोजची गोष्ट आहे. ट्रोपोनिनची तपासणी येण्याआधी हार्ट अटॅक ओळखायलाही आम्ही एलडीएच मागवत असू.

आणखी एक घोळ लॅब बदलल्याचा. एलडीएच मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत अभिक्रिया लॅक्टेटकडून पायरुव्हेटकडे जाते, दुसरीत उलट. पहिलीत नॉर्मलची वरची मर्यादा २१४-२२५ च्या आसपास असते, दुसरीत साधारण ४६०. म्हणजे एका लॅबचा ४१० नॉर्मल आणि दुसरीचा २५० वाढलेला, आणि बाई तीच. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला एक रिपोर्ट, नाशिकरोडला दुसरा, आणि मग "एलडीएच दुप्पट झालं हो" म्हणून रडवेले झालेले नातेवाईक मी बघितलेत. आकडा कधीही एकटा वाचू नये, शेजारची मर्यादा आणि पद्धत वाचावी. तुलना करायची तर एकाच लॅबच्या दोन रिपोर्टांची.

तुम्ही वाचलेल्या निबंधाबद्दल. असे अभ्यास आपल्याकडे भरपूर होतात आणि ते खोटे नसतात. राज्यातल्या मेडिकल कॉलेजांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच, नाशिकच्या म्हसरूळला आहे. बायोकेमिस्ट्रीच्या एमडीच्या मुलांना प्रबंधासाठी परवडणारा, लॅबमध्ये सहज होणारा विषय लागतो, आणि स्तनाच्या कॅन्सरमधले एलडीएच, जीजीटी, एडीए (अडेनोसिन डिअमिनेज), अल्कलाइन फॉस्फेटेज हा त्यातला आवडता. रुग्णांचे स्टेजप्रमाणे गट करायचे, प्रत्येक गटाची सरासरी काढायची, सरासरी स्टेजबरोबर चढते, निष्कर्ष लिहायचा. सरासरीपुरता तो निष्कर्ष बरोबरच असतो.

पण तुमच्या आई म्हणजे सरासरी नव्हे. आकडे निव्वळ समजावण्यापुरते घेते. समजा पहिल्या स्टेजच्या बायकांची सरासरी २४० आणि त्यातली बहुतेक जणी १६० ते ३२० मध्ये, तिसऱ्या स्टेजची सरासरी ३३० आणि बहुतेक जणी २३० ते ४३० मध्ये. दोन गटांतला फरक संख्याशास्त्राने पक्का सिद्ध होईल. पण कुणी २८० चा रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसलं तर ती बाई कुठल्या गटातली, हे मी सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू शकणार नाही. गटाबद्दलचं खरं एका माणसाला लावताना हे असं होतं. शिवाय तुलनेचा निरोगी गट पुष्कळदा कॉलेजातल्याच तरुण कर्मचाऱ्यांचा असतो आणि रुग्ण पन्नाशीच्या पुढच्या, फॅटी लिव्हर, डायबेटीस असलेल्या. एन्झाइमचा थोडा फरक तिथेच पडतो. मी असे प्रबंध वाचते तेव्हा आधी हे बघते की हिमोलाइज्ड नमुने वगळल्याचं लिहिलंय का. लिहिलेलं नसेल तर एलडीएचचा तक्ता मी फारसा मनावर घेत नाही.

म्हणूनच स्तनाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना कुठलंही रक्तातलं एन्झाइम धरत नाहीत. कॅन्सरच्या स्टेजचे नियम ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी समितीची आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आहे. तिच्यात गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, दूरवर पसरलंय का, आणि त्याच्या जोडीला मुख्यतः ग्रेड, ईआर, पीआर, हर-टू असं आहे. उलट मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये, वृषणाच्या कॅन्सरमध्ये, लिम्फोमा आणि मायलोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरच्या गणितात एलडीएच अधिकृतपणे मोजलं जातं. म्हणजे डॉक्टरमंडळींना एलडीएचचं वावडं आहे असं नाही. जिथे ते खरोखर वेगळं काही सांगतं तिथे घेतलंय, स्तनाच्या बाबतीत घेण्याइतकं सांगत नाही म्हणून घेतलेलं नाही. तुमच्या आईंची गाठ २.३ सेंटिमीटर, काख रिकामी वाटतेय, तर आजच्या माहितीवर आकार आणि गाठींच्या हिशेबाने ही दुसरी स्टेज, त्यातही 'ए'. काखेचा खरा निकाल ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींवरून लागेल.

जाता जाता, ज्या हर-टूचा 'दोन प्लस' तुमच्या बायोप्सीत आलाय, तो रिसेप्टर स्वतः एक एन्झाइमच आहे, टायरोसिन कायनेज जातीचा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वजन असलेलं एन्झाइम हेच म्हणता येईल, फक्त ते रक्तात नाही, गाठीच्या तुकड्यात बघायचं असतं. दोन प्लस म्हणजे अधांतरी. बायोप्सीच्या त्याच मेणातल्या ब्लॉकवर फिश नावाची तपासणी करून हो की नाही हे ठरवावं लागतं. ती पाठवली आहे का? एलडीएचच्या नादात हा प्रश्न विचारायचा राहिला असेल तर आजच विचारा, कारण हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब द्यायचं की नाही, आणि काही वेळा ऑपरेशन आधी की केमो आधी, हे त्या उत्तरावर फिरतं.

आता अल्कलाइन फॉस्फेटेज. एलडीएचने तुमची झोप उडवली, पण तुमच्या रिपोर्टमध्ये मी ज्याच्यापाशी थांबले तो हा आकडा, १४२.

हिमोलिसिसने तो वाढत नाही, त्यामुळे तो खोटा असण्याची शक्यता कमी. हे एन्झाइम मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं, लिव्हरच्या पित्तनलिकांतून आणि हाडातल्या ऑस्टिओब्लास्ट पेशींमधून, म्हणजे नवं हाड घडवणाऱ्या पेशींमधून. कुठून आलंय ते ओळखायला जीजीटी बघतात, कारण जीजीटी हाडात नसतं. तुमच्या आईंचं जीजीटी २४ आहे. म्हणजे वाढलेलं फॉस्फेटेज बहुधा हाडाचं.

इथे पुन्हा घाबरून जाऊ नका. स्तनाचा कॅन्सर दूर पसरतो तेव्हा हाडांत जाणं सगळ्यात जास्त आढळतं हे खरं, पण पन्नाशीच्या बाईत हाडाचं फॉस्फेटेज थोडं वर असायला त्याहून साधी कारणं असतात. पाळी गेल्यावर हाडांची मोडतोड-जुळवाजुळव वाढते. काही महिन्यांपूर्वी फ्रॅक्चर झालं असेल तर ते भरून येताना वाढतं. आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. ऊन एवढं असूनही बायका अंगभर पदरात आणि घरात, त्यामुळे ड जीवनसत्त्व एक आकडी आलेले रिपोर्ट आम्ही रोज छापतो. त्यात कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या टोकाला, फॉस्फरस कमी, पॅराथॉर्मोन (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) वाढलेलं आणि फॉस्फेटेज वर, असं चित्र दिसतं. आईंचं कॅल्शियम ८.९ आहे, ते या बाजूला झुकणारं आहे. हाडांतल्या मोठ्या पसाऱ्यात ते उलट वर जायची भीती असते.

तरीही हा आकडा मी सोडून देणार नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या स्टेजमध्ये, कुठे दुखत-खुपत नसेल तर बोन स्कॅन किंवा पेट-सीटी नेमाने करायची गरज नसते, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण एखाद्या ठिकाणचं हाड दुखणं किंवा वाढलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज, यांपैकी काही असेल तर बोन स्कॅनचा विचार करा, असंही तीच तत्त्वं सांगतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये रक्तातल्या एन्झाइमला खरं काम इथे आहे: पुढे कुठे बघायचं ते दाखवणं. स्टेज ठरते ती त्या बघण्यातून.

म्हणून माझं मत असं. फॉस्फेटेज, जीजीटी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व पुन्हा एका चांगल्या नमुन्यात करा. आईंना नेमकं विचारा: पाठीच्या मणक्यात, कमरेत, मांडीच्या वरच्या भागात, बरगडीत एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं का? रात्री झोपेतून उठवतं का? वर्षानुवर्षं दुखणारे गुडघे वेगळे आणि महिनाभरात नव्याने सुरू झालेलं एका जागचं दुखणं वेगळं. हे आणि रिपोर्ट सर्जनपुढे ठेवा. त्यांनी बोन स्कॅन सांगितला तर करून टाका, नाशिकात होतो. स्कॅनमध्येही गुडघ्या-मणक्यांच्या झिजेचे डाग उमटतात, तेव्हा डाग दिसला की लगेच कॅन्सर असं धरायचं नाही. शंकास्पद जागेचा सीटी किंवा एमआरआय होतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फॉस्फेटेज नॉर्मल म्हणजे हाडं स्वच्छ, असंही नाही. ते हाड घडवणाऱ्या पेशींचं एन्झाइम आहे. कॅन्सर हाड नुसता पोखरत असेल आणि आजूबाजूला नवं हाड घडत नसेल, तर ते वाढत नाही. मायलोमात हाडांना भोकं पडलेली असतानाही फॉस्फेटेज नॉर्मल असतं, ते याचमुळे. लिव्हरमधला छोटा डागही सगळी एन्झाइम नॉर्मल ठेवून बसलेला असू शकतो. लक्षणं असतील तर नॉर्मल एन्झाइमच्या भरवशावर स्कॅन टाळू नये.

मग एलडीएच कधीच कामाचं नाही का? आहे. कॅन्सर पसरलेला आहे हे आधीच माहीत असलेल्या रुग्णात, उपचारांच्या सुरुवातीला एलडीएच बरंच वाढलेलं असेल तर पुढचा प्रवास अवघड असतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. लिव्हरमध्ये पसारा असलेल्या बाईचं एलडीएच, फॉस्फेटेज आणि जीजीटी तिन्ही केमोच्या दोन फेऱ्यांनंतर उतरत चालली असतील तर ऑन्कॉलॉजिस्टला हायसं वाटतं, चढत असतील तर ते ठरल्यापेक्षा लवकर स्कॅन मागवतात. तिथेही आकड्यापेक्षा दिशा बघतात, आणि औषध बदलायचं ते स्कॅन बघूनच. थायमिडिन कायनेज नावाच्या दुसऱ्या एका एन्झाइमची रक्ततपासणी अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२२ मध्ये मंजूर केली, तीही पाळी गेलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि पसरलेल्या कॅन्सरच्या देखरेखीपुरतीच. पेशी विभागताना हे एन्झाइम लागतं, म्हणून त्याचं कॅन्सरशी नातं एलडीएचपेक्षा जवळचं. पण तुमच्या आईंच्या आजच्या प्रश्नाशी त्याचाही संबंध नाही.

एडीएबद्दल विचारलेलं नाही तरी सांगते, कारण त्यावरून हमखास गोंधळ होतो. छातीत पाणी झालं की आपल्याकडे त्या पाण्याचं एडीए करतात, ते टीबीसाठी. रक्तातल्या एडीएवरून स्तनाच्या कॅन्सरची तीव्रता काढायला जाऊ नका.

केमो सुरू झाली की लिव्हरची एन्झाइम वारंवार होतील, ती कशासाठी हेही समजून ठेवा. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांचा डोस लिव्हर बघून ठरतो, बिलिरुबिन वाढलं तर कमी करावा लागतो. ती तपासणी औषध झेपतंय का यासाठी असते, कॅन्सर मोजण्यासाठी नसते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस एलडीएच आणि फॉस्फेटेज दोन्ही उड्या मारतात, त्या आठवड्यातला रिपोर्ट बघून रात्र जागून काढू नका. पुढे टॅमॉक्सिफेनवर असताना फॅटी लिव्हरने एसजीपीटी वाढू शकतं. आणि कुणी लक्ष्मणफळाचा रस, गुळवेलीचा काढा, अमक्या वैद्याची पुडी आणून दिली तर ती चालू केल्याचं ऑन्कॉलॉजिस्टपासून लपवू नका. कोव्हिडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. केमो चालू असताना एसजीपीटी तीनशे झालं, तर दोष केमोचा की काढ्याचा, हे कळायला मार्ग राहत नाही आणि उपचार थांबतात.

सीए १५-३ हे एन्झाइम नाही, गाठीच्या पेशींवरून रक्तात सुटणारं एक प्रथिन आहे. सुरुवातीच्या स्टेजमध्ये ते पुष्कळदा नॉर्मलच येतं आणि लिव्हरच्या साध्या आजारातही वाढतं. निदानाला, स्टेजला किंवा बरं झाल्यानंतरच्या नेहमीच्या तपासण्यांना ते वापरू नये, असं अमेरिकेच्या ऑन्कॉलॉजी सोसायटीचं स्पष्ट म्हणणं आहे. पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतोय का हे बघायला ते चालतं. म्हणजे आत्ता नको. ते पैसे फिशला ठेवा.

उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी एलडीएच, सीए १५-३, छातीचा फोटो, सोनोग्राफी असं सगळं करत राहिलं तर कॅन्सर लवकर सापडून माणूस जास्त जगेल, असं कुणालाही वाटेल. इटलीत अशाच प्रकारच्या तपासण्यांचा फायदा होतो का हे बघितलं गेलं. १९९४ मध्ये तिथले दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यातल्या एकात १३२० बायका होत्या. ठरलेल्या तपासण्यांचा मारा केलेल्या बायका आणि नुसती डॉक्टरांची तपासणी व मॅमोग्राफी केलेल्या बायका, यांच्या आयुष्यात फरक पडला नाही. म्हणून आजही पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवणं आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढंच सांगतात. पॅकेज विकणारे वेगळं सांगतील. मी स्वतः लॅबमध्ये बसते आणि तरीही हे सांगते.

मुंबईचं म्हणाल तर टाटा हॉस्पिटलला दुसरं मत घ्यायला जाणं यात गैर काहीच नाही, पंचवटी एक्स्प्रेस पकडून कितीतरी जण जातात. पण ६१२ या आकड्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलून जाऊ नका. जायचंच असेल तर बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या, तिथे आधी तेच मागतील, एलडीएचचा कागद कुणी विचारणार नाही.

तर या आठवड्यात करायचं ते इतकंच. आईंना सकाळी लॅबमध्येच घेऊन जा, घरी माणूस बोलावू नका. गाठ डावीकडे आहे तर रक्त उजव्या हातातून द्या, ऑपरेशननंतर तीच सवय लागेल. पट्टा बांधून मूठ सारखी उघडझाप करायला लावली तर नको म्हणा, त्यानेही पोटॅशियम चढतं. पोटॅशियम, एलडीएच, फॉस्फेटेज, जीजीटी, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व लिहून द्या आणि हिमोलिसिसचा शेरा रिपोर्टवर छापून मागा. पोटॅशियम साडेचारच्या आसपास आणि एलडीएच दोनशेच्या आसपास आलं की तो विषय मिटला. एलडीएच पुन्हा वाढलेलंच आलं तर सोबत सीबीसी आणि बी-१२ बघायला सांगा. फॉस्फेटेज पुन्हा १४० च्या घरात आलं तर सर्जनना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही, रिपोर्ट हातात पडल्याच्या दिवशीच फोन करा, म्हणजे बोन स्कॅन करायचा ठरला तर तो तारखेच्या आत बसेल.